रिकव्हरी दोन टक्के

मेपल कुकीच्या बहुतेक रेसिपींची सुरुवात एकाच सूचनेने होते. बटर आधी रूम टेंपरेचरला आणून ठेवा. ही सूचना लिहिणाऱ्याने मे महिन्यातलं सोलापूर पाहिलेलं नाही, हे उघड आहे. त्याच्या लेखी खोलीचं तापमान म्हणजे वीस-एकवीस अंश. बटर वितळायला बत्तीस ते पस्तीस अंश पुरतात. आणि सोलापुरात भर दुपारी पारा ४४ वर बसलेला असताना खोलीचं तापमान कशाला म्हणतात, हे पंख्याखाली ओला टॉवेल अंगावर घेऊन पडलेल्या कुणालाही विचारावं. टॉवेलही सोलापुरीच असतो, त्यामुळे पाणी भरपूर धरतो, एवढाच काय तो दिलासा.

जुळे सोलापुरातल्या एका काकांनी सूचनेप्रमाणे फ्रिजमधून बटर काढून ओट्यावर ठेवलं आणि पेपरातलं शब्दकोडं घेतलं. दोन आडवे शब्द भरून ते परत आले, तोवर बटर ओट्यावरून निघून सिंकच्या अर्ध्या वाटेवर पोचलं होतं.

काका बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त माणसाने सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या माराव्यात, दुपारी झोपावं आणि संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरीचे हिशेब तपासावेत, अशी गावाची साधारण अपेक्षा असते. काका तिन्ही गोष्टी करत होते. पण टोरंटोची लेक सुट्टीला आली आणि येताना मेपल सिरपची पानाच्या आकाराची बाटली आणि मऊ कुकीजचा डबा घेऊन आली. काकांनी आयुष्यभर बिस्किट म्हणजे दाताखाली आवाज करणारी वस्तू एवढंच पाहिलेलं. ही कुकी चावल्यावर आवाजच आला नाही. काका म्हणाले, "सादळलेली दिसतेय." लेक म्हणाली, "बाबा, ती तशीच असते." काकांनी दुसरी उचलली, मग तिसरी. लेक परत गेली त्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की आता घरी करायच्या, आणि रेसिपी आहे तश्शीच करायची.

काकू "बरं" म्हणाल्या. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या बाईच्या "बरं"चा अर्थ "बघू किती दिवस चालतंय" असा असतो.

रेसिपी तश्शीच करण्याचा कार्यक्रम पुढीलप्रमाणे पार पडला. तिच्यात एक अंडं आणि एक जादा पिवळा बलक होता. घरात आजी, म्हणजे काकांच्या मातोश्री. तेव्हा अंड्याच्या जागी दही आलं. ब्राऊन शुगर आणायला एवढ्या उन्हात कोण गावात जाणार, म्हणून किसलेला गूळ. काकूंना शुगर, म्हणून मैदा निम्मा आणि कणीक निम्मी. मीठ पाव चमचा लिहिलं होतं, ते मात्र इमानदारीने पाव चमचाच घातलं. बाजारातलं बटर आधीच खारं असतं, हे नंतर जिभेला कळलं. अमेरिकन रेसिपीतला कप सुमारे २३७ मिलिलिटरचा. काकांनी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सेटमधला कप घेतला, त्यात चहा जेमतेम शंभर मिली मावतो. बटर मात्र रेसिपीत वजनावर दिलं होतं आणि काकांनी ते वजनकाट्यावर ग्रॅमला ग्रॅम मोजलं. म्हणजे पीठ निम्म्याहून कमी आणि बटर पूर्ण.

या मिश्रणाला फक्त नाव मेपल कुकीचं होतं. तरी ते बिघडल्यावर घरात एकमताने ठरलं की रेसिपीच चुकीची आहे. पाककृतीतला एकेक पदार्थ बदलायचा आणि मग पाककृती लिहिणाऱ्याच्या अकलेबद्दल बोलायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज. काकांनी तो पाळला.

तापमान रेसिपीत ३५० अंश होतं, अर्थात फॅरनहाइट. म्हणजे आपले १७७. काकांच्या ओटीजीचा काटा २५० ला संपतो. बँकेत वाढलेल्या माणसाला ही सरळसरळ शंभराची तूट दिसली. त्यांनी काटा शेवटपर्यंत फिरवला आणि उरलेल्या शंभराची भरपाई वेळेतून केली. बटर आधीच पातळ, त्यामुळे पिठाचे गोळे आकार धरण्याआधीच पसरले, एकमेकांना भेटले आणि ट्रेभर एकच कुकी झाली, काळी. काकूंनी ती थंड झाल्यावर सुरीने वड्या पाडायचा प्रयत्न केला. सुरी वाकली.

पुढच्या खेपेला पीठ फ्रिजमध्ये गार करून घ्यायचं ठरलं. ते शास्त्राला धरूनच होतं. बटर गोठलेलं असलं की कुकी भट्टीत उशिरा पसरते आणि जाड, मऊ राहते. पीठ फ्रिजमध्ये ठेवलं आणि लाइट गेली. मे महिन्यात ती जातेच. ती आली तेव्हा फ्रिजमध्ये पीठ नव्हतं, आमटी होती.

याच सुमारास अकलूजहून काकूंचे बंधू आले. ऊस बागायतदार. टेबलावरची बाटली त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली.

"काकवी आहे का?"

"मेपल सिरप," काका म्हणाले. "कॅनडातल्या झाडाचा रस आटवून करतात."

"रसात साखर किती?"

"दोन टक्के."

मामांनी बाटली खाली ठेवली. "दोन टक्के रिकव्हरीवर कारखाना चालतो? आमच्याकडं दहाच्या खाली आली तर जनरल मीटिंगला खुर्च्या उडतात."

काकांनी अभ्यास केलेला होता आणि तो ऐकवायला घरात कुणी नव्हतं, त्यामुळे मामा तावडीत सापडले. चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर सिरप मिळतं. रात्री पाणी गोठावं आणि दिवसा वितळावं, असे फेब्रुवारी ते एप्रिलमधले मोजके आठवडे हाच हंगाम. पूर्वी नुसत्या लाकडाच्या जाळावर आटवायचे, आता आधी आरओ मशीन लावून निम्म्याहून जास्त पाणी काढून टाकतात. इथे मामा अडखळले. आरओचं पाणी प्यायचं आणि उरलेलं टाकायचं, ही आपली रीत. ते लोक पाणी टाकतात आणि उरलेलं विकतात.

"लागण केल्यावर तोड कधी?"

"तीस-चाळीस वर्षांनी."

ऊस शेतात अठरा महिने उभा राहिला तर त्याला आडसाली म्हणतात. चाळीस वर्षं उभ्या पिकाला काय म्हणायचं, याचा मामांनी थोडा वेळ विचार केला. "आणि खोडवा?"

"झाड तोडतच नाहीत हो. खोडाला भोक पाडतात, नळी लावतात. दर वर्षी नव्या जागी भोक. तेच झाड नातवापर्यंत चालतं."

"म्हणजे तोडणी कामगार नाही?"

"नाही."

"मुकादम नाही? उचल नाही?"

"नाही."

मामांनी बशीतला चहा तसाच ठेवला. "दाजी, कॅनडाचा व्हिसा कसा काढतात?"

सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. अशा जिल्ह्यातल्या माणसाला मेपलची चव समजावून सांगणं अवघड जाईल, पण व्यवस्था समजावणं मुळीच अवघड नाही. जगातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास मेपल सिरप एकट्या क्यूबेक प्रांतात होतं. तिथे उत्पादकांचं फेडरेशन आहे. कुणी किती माल काढायचा याचा कोटा फेडरेशन ठरवतं आणि जादा माल गोदामात राखीव ठेवतं, म्हणजे भाव पडत नाहीत. हे ऐकून मामांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ओळख दिसली. "आता लक्षात यायला लागलंय," ते म्हणाले. "गोदामात घोटाळा झाला असेल."

झाला होता. २०११ आणि २०१२ या वर्षांत त्या गोदामातून सुमारे तीन हजार टन सिरप गेलं. किंमत अंदाजे १ कोटी ८० लाख कॅनेडियन डॉलर. चोरांनी पिंपं बाहेर न्यायची, सिरप काढून घ्यायचं, पाणी भरायचं आणि पिंपं परत आणून ठेवायची. पुढे पुढे त्यांना पाणी भरायचाही कंटाळा आला. २०१२ मध्ये मोजदाद करणारा माणूस पिंपांच्या उतरंडीवर चढला, तर एक पिंप पायाखाली डुगडुगलं. भरलेलं पिंप डुगडुगत नाही. २०१७ मध्ये मुख्य आरोपीला आठ वर्षांची शिक्षा झाली.

"पाणी भरायचं, हे दूधवाल्याकडून शिकले असणार," काकू आतून म्हणाल्या.

मामांचं लक्ष तारखांवर होतं. "पाच वर्षांत निकाल? म्हणजे संचालक मंडळातलं कुणी नव्हतं."

जाताना मामा काकांना काकवीचा डबा पाठवून द्यायचं कबूल करून गेले. "तेच आहे ते, दाजी. फक्त आपलं स्वस्त आहे म्हणून बाटलीला पानाचा आकार नाही."

एवढी महागाची बाटली खरं तर कुकीत फारशी कामाची नसते. सिरपचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पाणीच. चव यावी म्हणून जास्त घातलं की पीठ सैल होतं, आणि भट्टीतल्या उष्णतेत सुवास बराचसा उडून जातो. म्हणून रेसिपीत सिरपच्या जोडीला अर्कही सांगितलेला असतो. काका टोपी घालून, गॉगल लावून, रुमाल बांधून गावात गेले आणि केकच्या सामानाच्या दुकानातून मेपल इसेन्सची छोटी बाटली घेऊन आले. स्वयंपाकघरात तिचं झाकण उघडलं. हॉलमधून आजींचा आवाज आला.

"कुणाचं बाळंतपण आहे रे?"

"कुणाचं नाही. का?"

"मग मेथीचे लाडू कशाला करलालाय?"

काकांनी बाटली नाकाशी धरली. मेथी. पुन्हा धरली. मेथीच. शंभर टक्के मेथी, वर थोडी साखर जळल्यासारखी.

आजींचं नाक विज्ञानाच्या बाजूने होतं. मेथीदाण्यात सोटोलोन नावाचं एक द्रव्य असतं आणि मेपल सिरपचा तो ओळखीचा वास नेमका त्याच द्रव्याशी जुळतो. त्यामुळे नकली मेपल इसेन्स करताना मेथीचा अर्क सर्रास वापरतात. अमेरिकेत पॅनकेकवर ओतायला जे स्वस्त सिरप मिळतं, तेही बहुधा मक्याच्या साखरेचं असतं आणि मेपलच्या झाडाशी त्याचा संबंध लेबलवरच्या चित्रापुरता.

न्यूयॉर्ककरांना हे फार उशिरा कळलं. २००५ च्या ऑक्टोबरात एका रात्री मॅनहॅटनवर मेपल सिरपचा गोड वास पसरला. गोड वास आला तर आपण शेजारी काय शिजतंय हे बघायला जातो. त्यांनी महापालिकेच्या हेल्पलाइनला फोन केले. २००१ चा अनुभव ताजा होता, तेव्हा हा घातपाताचा वायू तर नाही ना, अशीही शंका आली. हवेचे नमुने घेतले गेले. वास जायचा, काही महिन्यांनी परत यायचा. अखेर २००९ च्या फेब्रुवारीत महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी उलगडा केला. नदीपलीकडे न्यू जर्सीत सुगंधी अर्कांचा एक कारखाना होता आणि तिथे मेथीदाण्यावर प्रक्रिया चालायची. वारा त्या बाजूने वाहिला की शहरभर मेपल. एका महानगराच्या यंत्रणेला तीन वर्षांहून जास्त काळ पुरलेला हा तपास आजींनी हॉलमध्ये बसून, मालिकेचा आवाज कमी न करता, लावला होता.

काकूंना मात्र यात वेगळाच घोटाळा दिसला. "डब्यात पावशेर मेथी पडलीय आणि तुम्ही उन्हातान्हात जाऊन ही एवढीशी बाटली घेऊन आलात?" मग एका खेपेला काकांनी मेथी भाजून, कुटून, तिचं पाणी घालून पाहिलं. मेपलचा वास खरोखर आला. पण कुकी तोंडात घातल्यावर घरातले सगळे एकदमच पाण्याच्या माठाकडे गेले. सुवास आणि कडूपणा वेगवेगळे काढायला न्यू जर्सीत कारखाना लागतो, तो उगाच नाही.

एव्हाना काकांकडे मोजायचे कप आले होते, ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आला होता, ब्राऊन शुगर आली होती. बटर कधी बाहेर काढायचं, हे ते आता पहाटे पाच वाजता उठून ठरवत. मऊपणाचं सगळं शास्त्र त्यांना पाठ झालं. ब्राऊन शुगरमध्ये मळी असते, ती हवेतलं आणि पिठातलं पाणी धरून ठेवते, म्हणून कुकी मऊ राहते. पांढऱ्या साखरेने कुरकुरीत होते. चमचाभर कॉर्नफ्लोअर मैद्याचा चिवटपणा कमी करतं. सोडा जास्त झाला तर रंग सुरेख येतो आणि चव साबणाची. हे सगळं जमूनही कुकी दर वेळी कडकच निघत होती. शेजारचा कॉलेजातला मुलगा एक घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काका, भारी झालंय, पण फोडायचं कशानं?" समोरच्या वहिनी म्हणाल्या, "छान खमंग लागतंय. टिकतील बघा." खाद्यपदार्थाबद्दल यापेक्षा सावध अभिप्राय मराठीत देता येत नाही. सोसायटीच्या वॉचमनने शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ली आणि अजून आहेत का म्हणून विचारलं, तेव्हा तर काका दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

दोष ओव्हनचा नव्हता, साखरेचाही नव्हता. मऊ कुकी करण्यातली मेख अशी की ती कच्ची दिसत असतानाच बाहेर काढायची असते. कडा धरलेल्या, मधला भाग अजून ओलसर, बोट लावलं तर दबेल असा. पुढचं काम गरम ट्रे करतो. बाहेर आल्यावरही पाच-दहा मिनिटं ती आतून शिजत राहते. आता, ज्या घरात काकू आहेत आणि आजी आहेत, त्या घरातून मधोमध ओली असलेली वस्तू भट्टीबाहेर कशी येणार?

"मधे कच्चं दिसतंय," काकू काचेतून बघून म्हणायच्या.

"तसंच काढायचं असतं."

"पोटं बिघडली म्हणजे? ठेवा दोन मिनिटं."

दोन मिनिटांनी आजी यायच्या. त्यांना काचेतलं दिसत नसे, पण मत असे. "दोन मिनिटं ठेव की अजून. भाजलेलं बरं असतंय."

दोन आणि दोन चार. दहा मिनिटांच्या कुकीला चार मिनिटं जादा म्हणजे कर्जावर चाळीस टक्के व्याज.

आजींना दोष देता येत नाही. त्यांची हयात अशा मुलुखात गेली, जिथे कडकपणा ही पदार्थाची चूक नसून पदवी असते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या ज्वारीची पातळ थापलेली भाकरी तव्यावर भाजून, मग विस्तवाशेजारी उभी करून पाण्याचा शेवटचा थेंब जाईपर्यंत वाळवली, की कडक भाकरी होते. महिनोन् महिने टिकते. सोलापुरातून बाहेरगावी जाणाऱ्याच्या बॅगेत ती असते, सीमेपलीकडे विजयपूर-कलबुर्गीतही तिचाच मान. आजींना वरच्या बाजूला एकही दात नाही आणि त्या रोज कडक भाकरी खातात, आमटीत चुरून. कवळी कपाटात आहे. ती लग्नकार्याला.

शिवाय भट्टीचा अनुभव त्यांना काकांपेक्षा जुना. पूर्वी दिवाळीच्या आधी रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून घरोघरच्या बायका बेकरीत जायच्या आणि नानकटाई, बिस्किटं भाजून आणायच्या. बेकरीच्या दारात रांग, प्रत्येक डब्यावर नाव, आणि आपलं तूप आपल्याच बिस्किटांत पडतंय ना, यावर डोळ्यांत तेल घालून पहारा. आजी भट्टीच्या तोंडाशी उभ्या राहून भट्टीवाल्याला सांगायच्या, दोन मिनिटं ठेव अजून. तो हो म्हणायचा आणि त्याच्या वेळेला काढायचा. लाकडाच्या भट्टीपुढे पिढीजात उभ्या असलेल्या माणसाला ही सोय होती. काकांना आईपुढे ती नव्हती.

मग एका गुरुवारी काकू आणि आजी अक्कलकोटला गेल्या.

सकाळच्या गाडीने गेल्या, दुपारचा महाप्रसाद घेऊन संध्याकाळी येणार होत्या. दार बंद झालं आणि काकांनी रात्रभर गार केलेलं पीठ बाहेर काढलं. अंड्याच्या जागी दही होतं, बाकी सगळं रेसिपीबरहुकूम. थर्मामीटरने १७७ दाखवले. दहाव्या मिनिटाला कुकी कच्ची दिसत होती. घरात ठेवा म्हणणारं कुणी नव्हतं. काकांनी ट्रे बाहेर ओढला आणि स्वतःला सांभाळायला बाल्कनीत जाऊन उभे राहिले, उन्हात.

कुकी मऊ झाली होती. दाबली की दबत होती, मोडली की आवाज नव्हता, आणि वास टोरंटोचा की बाळंतिणीच्या खोलीचा हे ठरवता येत नव्हतं. सोलापूरच्या कोरड्या हवेत ती तासाभरात वाळू नये म्हणून काकांनी सगळ्या एका घट्ट डब्यात भरल्या आणि वर पावाचा एक स्लाइस ठेवला. पाव आपल्यातला ओलावा कुकीला देतो आणि स्वतः कडक होतो. फोटो टोरंटोला गेला. तिकडे पहाट होती, तरी अंगठा आला.

संध्याकाळी दोघी आल्या. काकूंनी पाय धुऊन आधी चहा टाकला. काकांनी डबा उघडून पहिली कुकी आजींच्या हातात दिली आणि समोर खुर्ची ओढून बसले. आजींनी ती बोटांनी चाचपली, वास घेतला, "लाडू वळला नाही होय?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चहात बुडवली. हात वर आला तेव्हा चिमटीत नखाएवढा तुकडा होता. बाकीची कुकी कपाच्या तळाला गेली होती.

आजींनी कपात वाकून पाहिलं.

"कुठं गेलं रे?"

"आई, ती मऊ आहे. ती बुडवायची नसते."

"चमचा आण की," आजी काकूंना म्हणाल्या. मग काकांकडे वळून, अगदी मायेनं, "अजून दोन मिनिटं ठेवायचं होतंस."